भाडेकरूंच्या चीजवस्तूंना विम्याचे संरक्षण



वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन अस्तित्वात आला. या सहा तालुक्यांच्या जिल्ह्यात शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, परिचारिका अशी अनेक कुटुंबे बदलीच्या नोकरीमुळे भाड्याच्या घरात राहतात. घर दुसऱ्याचे असले, तरी आतील कपाट, भांडीकुंडी, शिलाई यंत्र व मुलांची पुस्तके त्यांच्या कष्टाची असतात.

घरमालकाने विमा उतरविला म्हणजे भाडेकरूही सुरक्षित झाला, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. मालकाचा विमा मालकाच्या मालमत्तेचा असतो. भाडेकरूच्या सामानाची भरपाई त्यातून मिळत नाही. आपत्तीनंतरचे शासकीय अनुदान हा तातडीचा आधार असतो. त्यास संपूर्ण भरपाई मानता येत नाही.

या दृष्टीने ‘भारत गृह रक्षा’ ही पॉलिसी उपयुक्त आहे. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाच्या निर्देशानुसार १ एप्रिल २०२१ पासून ती लागू झाली. भाडेकरूस इमारत वगळून केवळ घरगुती सामानाचा विमा घेता येतो. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दंगल इत्यादींमुळे होणारी हानी त्यात समाविष्ट आहे.

मात्र मर्यादाही ध्यानी घ्याव्यात. अशा दुर्घटनेमुळे सात दिवसांच्या आत झालेली चोरीच या पॉलिसीत येते. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. रोख रक्कम व वाहने यांचा त्यात समावेश नाही. दागिन्यांसाठी स्वतंत्र नोंद आवश्यक असते. सुट्टीत घर दीर्घकाळ बंद राहणार असल्यास त्याविषयीची अट आधीच पाहावी.

विमा घेताना सामानाची यादी करावी, पावत्या व छायाचित्रे अन्यत्र ठेवावीत, भाडेकरार लेखी असावा. बदली होताच नवा पत्ता कंपनीस कळवावा. नुकसान झाल्यास विलंब न लावता कंपनीस, तसेच प्रसंगानुसार पोलीस वा अग्निशमन दलास, सूचना द्यावी. दावा अन्यायाने नाकारला गेल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते.

ग्रामपंचायत सदस्यांनी ग्रामसभेत आणि शिक्षकांनी पालकसभेत ही माहिती सांगितल्यास अनेक संसार सावरतील. आग लागल्यावर विहीर खणण्यात शहाणपण नाही; विम्याचा विचार संकटापूर्वीच व्हावयास हवा.