लेखणीचा जोडधंदा

रात्रीचीं जेवणें आटोपलीं, मुलें अभ्यासाला बसलीं किंवा निजलीं, म्हणजे मध्यमवर्गीय घरांत दीड-दोन तास असे उरतात कीं, ज्यांवर कोणाचाच हक्क नसतो. पगार महिन्याच्या वीस तारखेसच संपत असला तर या तासांकडे लक्ष जाणें साहजिक आहे. पूर्वीं अशा वेळांत मास्तर शिकवण्या करीत, कारकून छापखान्यांतून मुद्रितें आणून तपासून देत, आणि घरांतील बायका शेजारणींचीं पोलकीं शिवून चार पैसे गांठीला लावीत. आज त्याच तासांत कित्येक जण संगणकासमोर बसून इंटरनेटवरील संकेतस्थळांसाठीं लेख लिहितात. या धंद्याला दुकान लागत नाहीं, माल भरावा लागत नाहीं, घराबाहेर पाऊलही टाकावें लागत नाहीं. म्हणून तो सोपा वाटतो.

नोकरी संभाळून लेखणीवर पैसा मिळविणाराचा सर्वांत प्रामाणिक जमाखर्च इंग्लंडांतील कादंबरीकार अँथनी ट्रॉलप यांनीं ठेवला आहे. हे गृहस्थ पोस्ट खात्यांत नोकरीस होते. पहाटे साडेपांचला ते मेजाशीं बसत, घड्याळ पुढें ठेवीत, आणि दर पाव तासास अडीचशें शब्द या मापानें लिहून मग दिवसाच्या कामाला लागत. त्यांची पहिली कादंबरी १८४७ सालीं निघाली. पण लेखनानें खरोखर कमावलेला असा पहिला पैसा ते १८५५ च्या अखेरचा मानतात, आणि ती रक्कम होती ९ पौंड, ८ शिलिंग, ८ पेन्स! पुढें मात्र दिवस पालटले. त्यांच्या मृत्यूनंतर १८८३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत पुस्तकवार मिळकत ओळीनें मांडलेली आहे, आणि तिची बेरीज जवळजवळ ६९ हजार पौंड भरते. वाण्याच्या कीर्दीसारखी ही यादी पाहून पुष्कळ रसिकांनीं नाकें मुरडलीं. जोडधंदा करूं पाहणारानें मात्र त्या बेरजेपेक्षां आधींचीं आठ कोरडीं वर्षें अधिक लक्षपूर्वक वाचावीं.

इंटरनेटवर लेखाला पैसा येतो तो मुख्यतः तीन वाटांनीं. लेखाशेजारीं जाहिरात दाखवून तिच्या उत्पन्नांतला वाटा लेखकाला देणें ही पहिली वाट. गूगलनें २००३ सालीं ॲडसेन्स या नांवानें ती सामान्य माणसाला खुली केली. २०१४ च्या डिसेंबरांत ती हिंदी मजकुराला लागू झाली, व पुढें मराठीलाही. मात्र खात्यावर शंभर डॉलर जमेपर्यंत पैसे हातीं पडत नाहींत, आणि महिन्याला शें-दोनशें वाचक असणाराला तो आंकडा गांठावयास फार दिवस लागतात. दुसरी वाट वाचकांच्या वर्गणीची. तिला आधीं वाचक जमवावे लागतात, म्हणून ती नवशिक्याच्या कामाची नाहीं. तिसरी वाट शब्दावारी मजुरीची, आणि नवशिका बहुधा हीच धरतो.

या मजुरीच्या लेखनाचा अमेरिकेंतील इतिहास पाहण्याजोगा आहे. तेथें २००६ सालीं डिमांड मीडिया नांवाची कंपनी निघाली. लोक शोधयंत्राला कोणते प्रश्न विचारतात हें पाहून ती विषय ठरवी, आणि घरबसल्या लिहिणाऱ्या हजारों लेखकांकडून लेखास सुमारें १५ डॉलर देऊन उत्तरें लिहवून घेई. २०११ च्या जानेवारींत तिचे भाग न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांत आले, तेव्हां तिची किंमत न्यूयॉर्क टाइम्स कंपनीहूनही अधिक ठरली! पुढच्याच महिन्यांत गूगलनें शोधाची रीत बदलून उथळ मजकूर मागें ढकलण्यास आरंभ केला, आणि या धंद्याचा पायाच खचला. याच जातीचें ‘असोसिएटेड कंटेंट’ हें संकेतस्थळ याहू कंपनीनें २०१० मध्यें विकत घेतलें, पुढें त्याचें नांव बदललें, आणि २०१४ मध्यें तें बंद करून टाकलें. तेथील लेख त्याबरोबर दिसेनासे झाले. ज्यांनीं आपल्या लेखांच्या नकला घरीं ठेवल्या होत्या, त्यांच्यापाशीं लेख तरी उरले.

आतां घरचा हिशेब करूं पाहणाऱ्या एखाद्या गृहिणीचें उदाहरण घ्यावें. समजा, तिला शब्दास ४० पैसे दर मिळाला. आठशें शब्दांच्या लेखाचे ३२० रुपये झाले. विषयाचें वाचन करण्यास दोन तास, लिहिण्यास दोन, आणि सूचनांप्रमाणें फिरवून लिहिण्यास एक, असे पांच तास धरले तर तासाला ६४ रुपये पडतात. त्यांतून वीज व इंटरनेटचा खर्च जावयाचा. हा भागाकार करणारे थोडे. ‘घरबसल्या महिना इतके हजार’ ही जाहिरात वाचून उडी घेणारे फार. कित्येक जाहिराती तर निव्वळ फसवणुकीच्या असतात. काम देण्यापूर्वीं नोंदणीचे किंवा अनामतीचे पैसे मागणारा मनुष्य काम देण्यासाठीं आलेला नसतो, एवढें ओळखलें तरी पुष्कळ. याहून वाईट प्रकार असा कीं, आधीं फुकट काम द्यावयाचें, मग त्यांत चुका काढून ‘करार मोडला’ म्हणून वकिलाच्या नांवानें नोटीस धाडावयाची, आणि घाबरलेल्या बाईकडून दंड उकळावयाचा. अशा वेळीं पैसे न भरतां पोलिसांच्या सायबर शाखेकडे जावें.

दर वाढतो तो विषयावरील पकडीमुळें. वजन कमी करण्याचे दहा उपाय कोणीही लिहील, आणि २०२२ च्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी लोकांपुढें आल्यापासून तर तसे लेख यंत्रही क्षणार्धांत लिहून देतें. अशा मजकुराला मजुरी कोण कशाला देईल? परंतु तीस वर्षें बँकेंत गृहकर्जाचे कागद तपासलेला निवृत्त मनुष्य अर्ज नेमका कोठें अडतो हें लिहील, तर त्याला वाचक मिळेल. कोंकणांतील घरांत वाढलेली बाई, फणसपोळीला बरका फणसच कां घ्यावा, रस किती पातळ पसरावा आणि उन्हांत ताट केव्हां उलटावें हें लिहील, तर तें हात पोळलेल्याचें लिहिणें असेल. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत अशा माहितीचे सांठे पडून असतात, आणि घरच्या माणसांना त्यांची किंमत सर्वांत कमी वाटते.

सर्वांत अधिक दुर्लक्ष होतें तें हक्कांकडे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणें लेखाचा पहिला मालक सामान्यतः लेखकच असतो. नोकरीचें काम म्हणून लिहिलेला मजकूर मात्र, निराळा करार नसेल तर, मालकाकडे जातो. घरीं बसून तुटक काम करणारा हा नोकर नव्हे. त्याचा हक्क घ्यावयाचा तर तो लेखी व सहीनिशींच घ्यावा लागतो. त्या लेखांत मुदत सांगितली नसेल तर पांच वर्षें, आणि प्रदेश सांगितला नसेल तर केवळ भारत, असें कायदा धरून चालतो. हक्क लेखकाच्या हयातभर, व मरणानंतर साठ वर्षें वारसांकडे, टिकतो. इतकी मोठी ठेव लोक ‘सर्व हक्क कायमचे’ या तीन शब्दांखालीं न वाचतां सही करून देतात. त्यांतून पुष्कळसें काम दुसऱ्याच्या नांवानें छापण्याचें असतें. एखादी बाई दोन वर्षें लिहिते, शंभर लेख होतात, आणि पुढें कोणी ‘तुम्ही काय लिहिलेंत?’ म्हणून विचारलें, तर दाखवावयास एकही नाहीं! निनांवी लिहूंच नये असें नाहीं; पण त्याचा दर निराळा मागावा, आणि दर महिन्यास एक तरी लेख स्वतःच्या नांवानें निघेल असें पाहावें.

सरकारी नोकरांनीं आपले वर्तणुकीचे नियम आधीं वाचावे. केंद्र सरकारच्या नोकरांस १९६४ च्या नियमांनीं प्रासंगिक वाङ्मयीन, कलात्मक वा शास्त्रीय काम करण्याची मोकळीक दिली आहे, मात्र सरकारी कामास त्यामुळें बाध येतां कामा नये. खाजगी कचेऱ्यांतून नेमणुकीच्या पत्रांतच बंदी असते. तें पत्र कपाटांतून काढून पाहावें. मिळकत परदेशांतून आली तरी ती आयकराच्या विवरणपत्रांत दाखवावी लागते, म्हणून प्रत्येक लेखाची तारीख, ठरलेला दर आणि हातीं आलेली रक्कम यांची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी.

ट्रॉलप यांनींही नोकरी घाईनें सोडली नाहीं. साठाव्या वर्षीं जें निवृत्तिवेतन मिळालें असतें, तेवढें उत्पन्न देणारी शिल्लक लेखनांतून सांठली, तेव्हां १८६७ सालीं, पहिल्या कादंबरीनंतर वीस वर्षांनीं, त्यांनीं पोस्ट खात्याचा राजीनामा दिला.