सिनेमाची पहिली दोन मिनिटे आणि आपण बायका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी बाहेरच्या कोणी विदुषी येऊन आपल्याला चार गोष्टी सांगतात. यंदा कार्यकारिणीने ठरवले की आपल्यातल्याच एकीने बोलावे, आणि ते काम माझ्या वाट्याला आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषण करण्याची सवय मुळीच नाही. तेव्हा काही चुकले-माकले तर हळदीकुंकवाच्या वेळी कानात सांगा, इथे टाळ्या वाजवून घ्या!

विषय सिनेमाचा आहे. हसू नका. सिनेमा पाहण्याबद्दल मी बोलणार नाही, तो करताना माणूस काय शिकतो याबद्दल बोलणार आहे.

झाले असे की, माझ्या धाकट्या मुलीला आणि तिच्या चार मैत्रिणींना कॉलेजात एक काम दिले होते. पुरा सिनेमा करायचा नाही, फक्त त्याची सुरुवात करायची. पहिली दोन मिनिटे. पण ती अशी हवीत की पाहणारा म्हणाला पाहिजे, ‘पुढे काय होते ते दाखवा.’ गोष्ट साधी होती. एक मुलगी पहाटे दारात रांगोळी काढते आहे, आणि कोणीतरी तिच्या रांगोळीवर पाय देऊन जातो. बस, एवढेच. मला वाटले, अर्ध्या तासाचे काम. मोबाईल घेतील, काढतील आणि चहा पिऊन जातील. प्रत्यक्षात चार दिवस आमच्या वाड्याचे अंगण त्यांच्या ताब्यात होते.

काम झाल्यावर त्यांना प्रत्येकीने ‘मी काय शिकले’ हे लिहून द्यायचे होते. त्या आमच्या ओटीवर बसून लिहीत होत्या, एकमेकींना वाचून दाखवत होत्या, आणि मी आत शेंगा सोलता सोलता ऐकत होते. त्यातले जे लक्षात राहिले ते सांगते.

एकीने लिहिले की, मी उजेड पाहायला शिकले. पहाटेचा उजेड वीस मिनिटेच टिकतो. त्यानंतर सगळे तेच असूनही चित्र वेगळे दिसते. दुसरीने लिहिले की, मी ऐकायला शिकले. आपल्या कानाला सवयीने ऐकू न येणारे आवाज, म्हणजे शेजारचा कुकर, पंप, दुधवाल्याची फटफटी, हे सगळे यंत्राला ऐकू येतात. तिसरी म्हणाली, मी टाकून द्यायला शिकले. त्यांनी पाऊण तासाच्या वर चित्रण केले होते आणि ठेवायची होती दोन मिनिटे. चौथी या सगळ्यांची पुढारी होती. तिने लिहिले की, जिवाभावाच्या मैत्रिणीला ‘हे बरे झाले नाही, परत कर’ असे तिला न दुखावता सांगणे हे सर्वांत कठीण, आणि ते मी थोडेसे शिकले.

आणि माझी मुलगी? तिने लिहिले की, मी पुन्हा करायला शिकले. रांगोळी अकरा वेळा काढली, अकरा वेळा पुसली.

भगिनींनो, हे ऐकून मला नवल वाटले. उजेड पाहून वाळवण घालणे, कुकरच्या आवाजावरून भात ओळखणे, निवडून टाकणे, सुनेला किंवा जावेला न दुखावता सांगणे, आणि रोज तेच काम पुन्हा करणे, हे तर आपण सगळ्याजणी जन्मभर करतो. आपण त्याला कसब म्हणत नाही, ‘घरकाम’ म्हणतो.

त्यावरून मला एका बाईंची आठवण झाली. त्या आपल्याच नाशिकच्या. त्यांच्याविषयी पूर्वी थोडेसे ऐकले होते. मग मी वाचनालयातून पुस्तके आणवून नीट वाचले. त्या बाई म्हणजे सरस्वतीबाई फाळके.

दादासाहेब फाळके आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. धुंडिराज गोविंद फाळके. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी जन्म. त्यांची पहिली पत्नी आणि मूल प्लेगमध्ये गेले. पुढे १९०२ साली करंदीकरांच्या गिरिजेशी त्यांचा विवाह झाला, तिचे सासरचे नाव सरस्वती. १९११ च्या सुमारास मुंबईत गिरगावातल्या एका तंबूवजा सिनेमागृहात फाळक्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि त्यांच्या मनाने घेतले की आपले राम-कृष्ण असेच पडद्यावर हलताना दिसले पाहिजेत. दुसऱ्यांदा तो खेळ पाहायला ते पत्नीला घेऊन गेले. म्हणजे वेड लागले ते दोघांना मिळूनच, असे म्हणायला हरकत नाही.

पैसा नव्हता. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून फाळके १९१२ च्या फेब्रुवारीत विलायतेला निघाले आणि तिथे काम पाहून, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र विकत घेण्याची व्यवस्था करून एप्रिलमध्ये परत आले. आता लोकांनी भांडवल द्यावे म्हणून काहीतरी करून दाखवणे भाग होते. त्यांनी काय केले? कुंडीत वाटाणा पेरला. रोज त्याच जागेवरून त्याचे चित्र टिपत महिन्याहून अधिक दिवस काढले, आणि बी फुटून वेल वर चढतो तो सारा प्रकार पडद्यावर थोडक्या वेळात दाखवला. ‘अंकुराची वाढ’ म्हणून तो प्रसिद्ध आहे. आपल्या देशातल्या चित्रपटाची सुरुवात अशी एका वाटाण्यापासून झाली. तो पाहून पैसे देणारा माणूस मिळाला. पण तेवढ्याने भागले नाही. सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले.

दागिने देणाऱ्या बायका आपल्या पुराणात आणि शेजारीपाजारी पुष्कळ आहेत. सरस्वतीबाईंचे मोठेपण माझ्या मते त्यात नाही. त्या शिकल्या, यात आहे.

त्या काळी कोरी फिल्म येई तिच्या कडांना छिद्रे नसत. छिद्रांशिवाय ती यंत्रातून सरकत नाही. ती छिद्रे अंधाऱ्या खोलीत बसून पाडावी लागत, कारण उजेड लागला की फिल्म फुकट. हे काम सरस्वतीबाई शिकल्या. मी जरा हिशेब केला. एका फुटात सोळा चित्रे, आणि प्रत्येक चित्राला दोन्ही कडांवर चार-चार छिद्रे. ‘राजा हरिश्चंद्र’ ची लांबी ३७०० फूट सांगतात. म्हणजे नुसत्या एका प्रतीची जवळजवळ पावणेपाच लाख छिद्रे झाली! वाया गेलेली फिल्म निराळीच. यंत्र असले तरी ते चालवणारे हात अंधारात अचूक चालले पाहिजेत. जिने शेवया वळल्या आहेत, जिने डोळे मिटून मोदकाला कळ्या पाडल्या आहेत, तिला या कामातले कसब सांगायला नको.

फिल्म धुण्याची रसायने मिसळणे, ती धुणे, कॅमेऱ्यात भरणे हेही त्या शिकल्या. चित्रण चालू असताना उन्हाचा उजेड पात्रांच्या तोंडावर पाडण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून त्या तासन् तास उभ्या राहात. आणि हे सारे स्वयंपाक सांभाळून! साठ-सत्तर माणसांचे जेवण त्यांच्या हाताखालून जाई. पदरी लहान मुले होती ती वेगळीच.

आता दुसरी बाजू ऐका. त्या काळी सिनेमात काम करायला एकही बाई तयार होईना. पुरुषांनासुद्धा लाज वाटे. म्हणून फाळक्यांनी आपल्या माणसांना सांगून ठेवले होते की, कोणी विचारले तर ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत’ असे सांगा. अखेर तारामतीचे काम ग्रँट रोडच्या एका खाणावळीतल्या अण्णा साळुंके नावाच्या तरुणाने केले. तिथे त्याला महिना दहा रुपये मिळत, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. असे सांगतात की फाळक्यांनी आधी पत्नीलाच तारामती हो म्हणून विचारले होते, आणि त्या म्हणाल्या, मी तिथे उभी राहिले तर बाकीची कामे कोण करील? गोष्ट खरी असो वा रचलेली, उत्तर मात्र घरच्या बाईचे आहे. आपल्यापैकी कितीजणींनी हेच उत्तर किती वेळा दिले असेल!

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. त्याचा काही भागच आज शिल्लक आहे. त्याची सुरुवात कशी आहे ठाऊक आहे? राजा आपल्या मुलाला धनुष्यबाण चालवायला शिकवतो आहे आणि राणी पाहते आहे. म्हणजे पहिले दृश्यच शिकण्या-शिकवण्याचे! त्यातला रोहिदास हा फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र.

त्याच वर्षी फाळके बिऱ्हाड हलवून नाशिकला आले, आणि इथे ‘मोहिनी भस्मासुर’ तयार झाला. त्यात मात्र दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी झाली. मायलेकींनी मिळून दार उघडले. पुढे १९१९ च्या ‘कालिया मर्दन’ मध्ये फाळक्यांची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली. त्या चित्रपटाची सुरुवात तर मला सर्वांत आवडली. गोष्ट सुरू होण्याआधी पडद्यावर त्या सात वर्षांच्या मुलीचा नुसता चेहरा दिसतो, आणि ती निरनिराळे भाव एकामागून एक करून दाखवते. मग तीच मुलगी कृष्णाच्या वेषात येते. मला तर वाटते, बापाने जगाला आधी सांगितले की, देव पाहण्यापूर्वी माझी मुलगी काय शिकली आहे ते पाहा.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी दादासाहेब नाशिकलाच वारले. त्यांच्या नावाचे मोठे पारितोषिक सरकार १९६९ सालापासून देते. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे, आपण तिथे सहलीला गेलो होतो. ते सर्व योग्यच आहे. पण मी या आठवड्यात आपल्या गल्लीतल्या दहाजणींना विचारले, ‘फाळक्यांच्या पत्नीचे नाव काय?’ दोघींनी सांगितले, आणि त्यासुद्धा २००९ सालचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ पाहिलेल्या म्हणून.

इतके सगळे मी का सांगते आहे? कारण माझ्या घरात सध्या एक प्रश्न उभा आहे, आणि उद्या तो तुमच्या घरातही उभा राहील. माझी मुलगी म्हणते की मला पुण्याला जाऊन सिनेमाचे संकलन शिकायचे आहे. संकलन म्हणजे तेच, पाऊण तासातली दोन मिनिटे निवडणे. घरात दोन तट पडले आहेत. मोठे दीर म्हणतात, ‘हे काय शिक्षण झाले? पोरीची जात, रात्रीबेरात्रीचे काम, लग्नाच्या वेळी काय सांगायचे?’ त्यांचा राग मी मानीत नाही. काळजीपोटीच ते बोलतात, आणि खर्चाचा प्रश्नही खोटा नाही. यजमान अजून हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत.

मी मात्र माझे मत सांगितले आहे. मी म्हटले, भावजी, शंभर वर्षांपूर्वी लोक ‘फॅक्टरीत आहोत’ असे सांगून तोंड लपवीत होते, आणि त्याच घरात एक बाई अंधाऱ्या खोलीत बसून उघडपणे हे काम शिकत होती. आपल्या मुलीला आपण तोंड लपवायला लावायचे की काम शिकवायचे? काम वाईट नसते. कामाच्या जागी नीट चौकशी करावी, राहण्याची सोय पाहावी, चार माणसांना विचारावे, हे मला मान्य. पण चौकशी करून पाठवायचे, चौकशीच्या नावाखाली अडवायचे नाही.

ती कदाचित मोठी होईल, कदाचित होणार नाही. पण जी मुलगी अकरा वेळा रांगोळी पुसून बाराव्या वेळी बसायला तयार होते, तिने हट्ट केला असे मी म्हणणार नाही. तिची तयारी झाली आहे असे म्हणेन.

आता मंडळापुढे दोन सूचना मांडते आणि थांबते. पहिली, आपल्या शिवणवर्गाला जोडून सुट्टीत मुलींसाठी, आणि ज्यांना हौस असेल त्या बायकांसाठीही, मोबाईलवर चित्रण कसे करावे याचा आठ दिवसांचा वर्ग ठेवावा. शिकवायला याच पाच मुली तयार आहेत, आणि फी म्हणून त्यांना चहा-पोहे पुरतील. आपल्या आजी-सासूबाईंच्या तोंडच्या ओव्या, पापड-कुरडयांची रीत, जुन्या वाड्यांची ओटी-माजघरे त्या निदान टिपून तरी ठेवतील.

दुसरी सूचना लहान आहे. या मुलींनी आपल्या दोन मिनिटांच्या शेवटी नावे घातली, त्यात चहा करणारीचे, चादर धरणारीचे, पंप बंद ठेवणाऱ्या शेजारणीचेसुद्धा नाव आहे. आपल्या स्मरणिकेत देणगीदारांची आणि पदाधिकाऱ्यांची नावे छापली जातात. यापुढे वर्धापनदिनाचा स्वयंपाक करणाऱ्या, सतरंज्या घालणाऱ्या आणि भांडी विसळणाऱ्या भगिनींची नावेही छापावीत. अर्धे पान लागेल. पण नातवंडांना आपल्या आजीचे नाव शोधायला वाचनालयात जावे लागणार नाही.

पाने वाढलेली दिसताहेत, तेव्हा माझे चार शब्द इथेच पुरे करते.