सध्या काय ऐकता?



"सध्या काय ऐकता?" हा प्रश्न शहरातल्या बैठकीत सहज विचारला जातो. आमच्याकडे, म्हणजे यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडील महागावात, माणूस भेटला की त्याला पाऊसपाणी विचारतात, कापसाचा भाव विचारतात, फार तर मुलीचे कुठे जमले का म्हणून विचारतात. गाण्याचे कुणी विचारीत नाही. विचारले तर समोरचा आधी बुचकळ्यात पडतो. "कायचं गानं बाप्पा, इथं कापसाले भाव नाही," हे उत्तर मला पहिल्याच दिवशी मिळाले. आणि गंमत अशी की, हे उत्तर देणाऱ्या गृहस्थांच्या खिशातला मोबाईल त्या वेळीही वाजतच होता!

तेव्हा मी चिकाटी सोडली नाही. गेले दोन महिने जो भेटेल त्याला दोन प्रश्न विचारीत आलो. सध्या काय ऐकता, आणि का ऐकता? पहिल्याचे उत्तर कुणीही देतो. दुसऱ्याला मात्र माणूस थांबतो, डोके खाजवतो, कधी कधी थोडा लाजतोही. आज आपल्यापुढे मांडायची आहेत ती या दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे.

आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवणारे एक काकाजी आहेत. धंदा शिवणकामाचा. मशीनवर पाय चालू आणि शेजारी फळीवर मोबाईल चालू. ते सध्या ऐकताहेत डॉ. वसंतराव देशपांडे, सध्या म्हणजे गेली चार वर्षे. वसंतराव तसे आपल्या वऱ्हाडचेच. २ मे १९२० रोजी अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरला त्यांचा जन्म झाला. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांचे सुरुवातीचे शिक्षण झाले आणि पुढे कितीतरी वर्षे त्यांनी लष्कराच्या हिशेबखात्यात नोकरी करीत गाणे सांभाळले. १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आले आणि त्यातला खाँसाहेब म्हणजे वसंतराव, हे समीकरण महाराष्ट्राच्या मनात पक्के बसले. नाटक लिहिले नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी. आडनावातच आपल्या जिल्ह्यातले दारव्हा गाव आहे, हे काकाजी प्रत्येक वेळी न विसरता सांगतात. २०१५ साली त्यावर चित्रपट निघाला, तेव्हा वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे त्यात गायले, आणि त्या निमित्ताने आमच्या काकाजींना आजोबा सापडले. अशी उलटी वाट पुष्कळांची झाली असेल.

"पण काकाजी, का ऐकता?" असे विचारले, तेव्हा त्यांनी मशीन थांबवले. म्हणाले, "त्यायचं गानं आयकलं का मले माझी पेटी खोटी वाटते."

"मग कशाला ऐकता?"

"कुठं खोटी हाय, थे समजाव म्हनून."

मी आकाशवाणीवर बोलतो आहे, म्हणून येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. काकाजींना जे शिलाई मशीनवर बसून कळले, त्याच कारणासाठी आपल्या नभोवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली होती. पेटीचे सूर ठोकून ठेवलेले. एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर उडी मारावी लागते. मधली घसरण, जिला आपण मींड म्हणतो, ती हाताला लागत नाही, आणि श्रुतींचे बारीक अंतर तर नाहीच नाही. बंदी १९७१ साली सैल झाली. या एकतीस वर्षांत खेड्यातले एकही भजन पेटीवाचून अडले नाही, हेही खरेच आहे. नभोवाणीचे म्हणणे शास्त्राला धरून होते आणि भजनी मंडळांचे व्यवहाराला. मला विचाराल तर दोघांचेही बरोबर होते. मात्र बंदी हा काही कान तयार करण्याचा मार्ग नव्हे.

नागपूर-तुळजापूर रस्ता आमच्या गावावरून जातो. त्या रस्त्यावर एक चहाचे हॉटेल आहे. मालक दिवसभर विविध भारती लावतात. का, तर "निवडायचं काम नाही." एवढेच उत्तर, पण मला ते फार आवडले. हातातल्या यंत्रात लाखो गाणी भरलेली असली की एक गाणे धड ऐकून होत नाही. बोट पुढच्या गाण्याकडे जाते. रेडिओवर दुसऱ्याने निवडलेले येते आणि ते येईल तसे घ्यावे लागते. या विविध भारतीच्या जन्माची कथाही मजेदार आहे. १९५२ साली बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि चित्रपटगीतांना आकाशवाणीचे दार जवळजवळ बंद झाले. श्रोते काही गाणी सोडून बसले नाहीत, ते रेडिओ सिलोनकडे गेले. त्याच वर्षी तिकडे अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि साऱ्या देशाला बुधवारच्या रात्रीची चटक लागली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने विविध भारती काढून आपला श्रोता परत मागून घेतला. हॉटेलमालकांना हा इतिहास ठाऊक नाही, आणि चहा उकळायला त्याची जरूरही नाही.

आता बसस्थानकाकडच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात चला. दुकान चालवणारा मुलगा पंचविशीतला आहे. गावातली निम्मी कार्डे याच्या हातून भरून जातात. कोण काय ऐकतो हे त्याच्याइतके कुणालाच माहीत नसेल, पण वैद्याप्रमाणे तो कुणाचे नाव सांगत नाही. स्वतः मात्र वामनदादा कर्डक ऐकतो. नाशिक जिल्ह्यातल्या देशवंडी गावी १९२२ साली जन्मलेला हा माणूस, मोठेपणी अक्षरे गिरवून शिकला आणि २००४ साली मृत्यू येईपर्यंत गावोगाव हिंडून बाबासाहेबांची गाणी रचीत आणि गात राहिला.

मुलाने 'का'चे उत्तर दिले ते असे. त्याच्या आजीला वाचता येत नव्हते. पण महाडचे तळे १९२७ चे, काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० चा, नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची, हे सारे तिला क्रमाने पाठ होते. कुणी शिकवले? गाण्यांनी. "आमच्या घरात पहिलं पुस्तक आलं ते कानातून आलं," असे तो म्हणाला. परीक्षेसाठी इतिहास वाचताना त्याला सनावळ्या नव्याने पाठ कराव्या लागल्या नाहीत. तो वामनदादा ऐकतो ते गोडीसाठी ऐकतोच, पण आजीने काय काय ऐकले होते ते एकदा सलग ऐकून काढावे, हा त्याचा खरा हेतू आहे. शोधून शोधून जुन्या ध्वनिफिती तो कार्डावर उतरवून ठेवतो.

मी ही गोष्ट काकाजींना सांगितली. ते जरा गप्प राहिले आणि म्हणाले, "चाल येते कानावर दरवर्षी. बोल काही कधी आयकले नाही बा." चौदा एप्रिलला एका बाजूचा कर्णा वाजतो, रामनवमीला दुसऱ्या बाजूचा. दोन्ही कर्ण्यांचा आवाज गावभर जातो. तरी एका आळीचे गाणे दुसऱ्या आळीत पोहोचलेले नाही. शेजारी राहून माणसे एकमेकांचा आवाज नुसता सोसतात, हा अनुभव केवळ आमच्याच गावचा असेल असे मला वाटत नाही.

आणि आता ज्या उत्तराकरिता हे भाषण करावेसे वाटले, तिकडे येतो.

पुसद-महागावच्या या भागात बंजारा तांडे पुष्कळ आहेत. वसंतराव नाईक पुसदजवळच्या गहुलीचे, हे आपणास ठाऊक आहेच. होळीला तांड्यावर डफावर लेंगी म्हणतात. श्रावणात तीज येते, तेव्हा मुली टोपल्यांत गहू पेरून त्याभोवती गातात. ही गाणी रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ऐकू येतात. पण एक गाणे बाहेरच्या माणसाच्या कानी सहसा पडत नाही. त्याला ढावलो म्हणतात. लग्न होऊन तांडा सोडणारी मुलगी बायकांच्या गळ्यात पडून रडते, आणि ते रडणे सुरात असते. बापाला, भावाला, मैत्रिणींना, गोठ्यातल्या जनावरांना, ज्या तांड्यात वाढली त्या तांड्याला ती एकेक करून हाक मारते आणि निरोप घेते.

अशाच एका तांड्यातली एक मुलगी दवाखान्यात परिचारिका आहे. तिला मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "आजीचा ढावलो ऐकते." मला वाटले, सहज आठवण म्हणून ऐकत असेल. पण 'का' विचारल्यावर कळले की तिचे लग्न वैशाखात आहे आणि तिला ढावलो येत नाही.

तिच्या आईलाही तो पुरता येत नाही. कारण साधे आहे. पूर्वी लग्नघरी म्हाताऱ्या बायका नवरीला कितीतरी दिवस आधीपासून जवळ घेऊन बसत आणि शिकवीत. पुढे तांड्यातली घरेच्या घरे दिवाळीनंतर ऊसतोडीला जाऊ लागली. परत आल्यावर लग्ने उरकायची घाई. शिकवायला म्हातारी होती तर बसायला वेळ नव्हता. आता लग्नात डीजे येतो. निरोपाच्या वेळी नवरी रडते, पण नुसतीच रडते. आजीने मरण्यापूर्वी एकदा, कुणाचे लग्न नसताना, नुसते दाखवायचे म्हणून अंगणात बसून म्हटले होते. नातीने ते साध्या मोबाईलवर धरून ठेवले. अकरा मिनिटांचे आहे. मध्ये आजी खोकते, एक शेळी ओरडते, कुणीतरी "पाणी आण" म्हणते. तो मोबाईल पुढे बंद पडला. कार्डही वाचेना. दुकानातल्या त्या वामनदादावाल्या मुलाने तीन संध्याकाळ खटपट करून ते बाहेर काढले आणि पैसे घेतले नाहीत.

खरी अडचण याच्यापुढे आहे. ढावलो हे काही पाठ करून म्हणायचे गाणे नव्हे. चाल ठरलेली, हाका मारण्याची रीत ठरलेली. पण शब्द जिचे तिने घालायचे. आजीच्या ढावल्यात आजीचा बाप आहे, आजीचा भाऊ आहे, तिच्या वेळचे बैल आहेत. नातीच्या घरी बैल नाहीत, भाऊ पुण्याला कंपनीत आहे, आणि ती स्वतः तांडा सोडून आधीच दोन वर्षे भाड्याच्या खोलीत राहते आहे. तिने हाक मारायची तरी कुणाला? "आजीचे शब्द म्हटले तर खोटं वाटतं आणि माझे शब्द गोरबोलीत येत नाहीत," असे ती म्हणाली. शाळा मराठीत, शिक्षण इंग्रजीत, तेव्हा दुःखही तिला त्याच भाषांतून सुचते. शिवाय गोरबोलीला स्वतःची लिपी नाही. वहीत लिहून ठेवायचे तर देवनागरीतच लिहावे लागते.

यावर काही तोडगा आहे का? थोडाफार आहे. जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या दोघांनी सहकाऱ्यांसह वर्षानुवर्षे खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या उतरवून घेतल्या, आणि कोणत्या गावच्या कोणत्या बाईने म्हटली हेही प्रत्येकीपुढे लिहून ठेवले. गिरण्या आल्या, जाती थांबली, पण त्या बायकांची नावे राहिली. तांड्यावरच्या गाण्यांचे असे काम ज्याला करायचे असेल त्याने फार वाट पाहू नये. मोबाईल सगळ्यांकडे आहे. गाणे धरले की कोण गाते, कुठला तांडा, कोणती तारीख, हे आधी त्यातच तोंडाने बोलून ठेवावे आणि तीन निरनिराळ्या ठिकाणी प्रती कराव्यात. एका कार्डाच्या भरवशावर आजी ठेवू नये.

मी तिला म्हटले, हे काकाजींना ऐकवले तर चालेल का? तिने थोडा विचार केला. "ऐका काका, पण कुणाला पाठवू नका. ते आजीचं आहे, आणि रडणं आहे," असे ती म्हणाली. म्हणूनच ते आज मी आपल्याला ऐकवू शकत नाही, आणि मागितलेही नाही.

काकाजींनी दुकानाची फळी लावून घेतली आणि अकरा मिनिटे ऐकले. भाषा त्यांना कळली नाही. ऐकून झाल्यावर म्हणाले, "बुढी रडून राह्यली, पन पट्टी सुटली नाही." मग त्यांनी पेटी ओढली आणि तो सूर शोधू लागले. हाक जिथे संपते तिथे म्हातारीचा आवाज जरासा खाली सरकतो. काकाजींनी एक पट्टी दाबली, ती वर लागली. शेजारची दाबली, ती खाली गेली. बराच वेळ त्यांची दोन बोटे त्या दोन पट्ट्यांवर आळीपाळीने फिरत होती.

मुलीच्या दोन मावश्या आता रविवारी तिच्या खोलीवर येतात. तिघी मिळून ध्वनिफीत लावतात, थांबवतात, एखादी ओळ तोडून तिच्या जागी दुसरी घालतात. बैलांच्या जागी काय घालावे यावर मावश्यांचे भांडण झाले, असे तिने हसत सांगितले. परवा भेटली तेव्हा त्या सातव्या मिनिटापर्यंत आल्या होत्या.