नव्या यंत्राबरोबर खेळ किती?

ग्रामोफोन विकत घेणाऱ्या मनुष्यास ग्रामोफोन नको असतो. त्याला गाणें हवें असतें. यंत्र हें त्या गाण्यापर्यंत पोंचण्याचें केवळ साधन. ही गोष्ट इतकी उघड आहे, कीं ती कोणास सांगण्याचें कारण पडूं नये. परंतु व्हिडिओ गेमच्या जगांत दर पांच-सात वर्षांनीं ती पुन्हां सांगावी लागते. एखादी मोठी कंपनी नवा कन्सोल बाजारांत आणते, दुकानांपुढें रांगा लागतात, त्याच्या वेगाचीं आणि चित्रांच्या स्पष्टतेचीं वर्णनें जिकडे तिकडे वाचावयास मिळतात. आणि हजारों रुपये मोजून तो घरीं आणल्यावर दुसऱ्याच आठवड्यांत प्रश्न उभा राहतो, कीं यावर खेळावयाचें काय? नव्या कन्सोलबरोबर पुरेसे चांगले खेळ येतात काय, हा प्रश्न वरवर मुलांचा दिसतो. परंतु पैसे वडीलधाऱ्यांच्या खिशांतून जातात. म्हणून तो साऱ्या घराचा आहे, आणि त्याचा विचार शांतपणें होणें इष्ट आहे.

प्रथम ‘पुरेसे’ या शब्दाचाच अर्थ लाविला पाहिजे. पुरेसे म्हणजे संख्येनें पुष्कळ, असें धरिलें तर इतिहास कांहीं निराळेंच सांगतो. १९९६ सालच्या २३ जून रोजीं निंटेंडो कंपनीनें जपानांत ‘निंटेंडो ६४’ हा कन्सोल विक्रीस काढिला, तेव्हां त्याबरोबर अवघे तीन खेळ होते. आणि त्यांतील एक तर शोगी, म्हणजे जपानी बुद्धिबळ. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत अमेरिकेंत तो गेला तो दोनच खेळ घेऊन. परंतु त्या दोहोंत एक ‘सुपर मारिओ ६४’ हा होता. पडद्यावरील पात्र केवळ डावीकडून उजवीकडे न धांवतां लांबी, रुंदी आणि खोली अशा तिन्ही अंगांनीं कसें वावरूं शकतें, हें त्या खेळानें अशा रीतीनें दाखविलें, कीं पुढील अनेक वर्षें दुसऱ्या कंपन्यांनीं त्याचा कित्ता गिरविला. त्याच कंपनीचा ‘सुपर फॅमिकॉम’ १९९० सालीं जपानांत आला, तोहि दोनच खेळांनिशीं. आणि त्या वेळींहि कोणाला तें ताट रिकामें वाटलें नाहीं.

आतां याच्या उलट उदाहरण पहा. सोनी कंपनीचा ‘प्लेस्टेशन २’ अमेरिकेंत २६ ऑक्टोबर २००० रोजीं आला, तेव्हां त्याबरोबर दोन डझनांहून अधिक खेळ होते. त्यांपैकीं आज किती लोकांच्या स्मरणांत आहेत? फारच थोडे. तरीहि तो कन्सोल पुढें पंधरा कोटींहून अधिक खपला. याचें कारण पहिल्या दिवसाच्या खेळांत शोधूं गेल्यास सांपडणार नाहीं. त्या यंत्रावर डीव्हीडी लावून चित्रपट पाहतां येत होता. आधींच्या प्लेस्टेशनचे बहुतेक खेळहि त्यावर चालत होते. म्हणजे नवा खेळ येईपर्यंत यंत्र घरांत निरुपयोगी पडून राहत नव्हतें. आणि पुढें उत्तम खेळ येत गेले, हें तर झालेंच.

तिसरें उदाहरण अधिक करुण आहे. सेगा कंपनीचा ‘ड्रीमकास्ट’ हा ९ सप्टेंबर १९९९ रोजीं अमेरिकेंत आला. त्याबरोबर सुमारें दीड डझन खेळ होते, आणि ‘सोलकॅलिबर’सारखा, ज्याची वाखाणणी आजहि होते, असा खेळ त्यांत होता. संख्या होती आणि गुणहि होता. तरीहि दोन वर्षें पुरीं होण्याच्या आंत, २००१ सालीं, सेगानें तो बनविणें बंद केलें आणि कन्सोलच्या धंद्यांतून कायमचें अंग काढून घेतलें. कंपनी आधींच तोट्यांत होती, इलेक्ट्रॉनिक आर्ट्ससारख्या मोठ्या खेळकंपनीनें त्याच्यासाठीं खेळ बनविले नाहींत, आणि प्लेस्टेशन २ येतो आहे या वार्तेनेंच पुष्कळ गिऱ्हाइकें थांबून राहिलीं. सारांश, पहिल्या दिवसाची पंगत उत्तम झाली म्हणजे संसार उत्तम होतोच असें नाहीं.

मग पहिल्या दिवसाला कांहींच महत्त्व नाहीं काय? तसेंहि नाहीं. याच सेगा कंपनीनें चार वर्षें आधीं जें केलें, तें या बाबतींत धडा घेण्यासारखें आहे. तिचा ‘सॅटर्न’ हा कन्सोल अमेरिकेंत २ सप्टेंबर १९९५ रोजीं यावयाचा होता. परंतु प्रतिस्पर्ध्यास मागें टाकावें या घाईनें ११ मे रोजीं लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनांत कंपनीनें एकाएकीं जाहीर केलें, कीं यंत्र आजच निवडक दुकानांत मिळेल; किंमत ३९९ डॉलर. इतर कंपन्यांचे खेळ सप्टेंबरच्या बेतानें तयार होत होते. त्यामुळें कित्येक महिने गिऱ्हाइकास सेगाच्याच मोजक्या खेळांवर दिवस काढावे लागले. ज्या दुकानदारांस वगळलें ते रागावले तें निराळेंच. त्याच प्रदर्शनांत सोनीनें आपल्या प्लेस्टेशनची किंमत २९९ डॉलर अशी जाहीर केली. सॅटर्न अमेरिकेंत त्या धक्क्यांतून पुन्हां वर आला नाहीं. यंत्र तयार होतें, खेळ तयार नव्हते. आणि कळस आधीं चढवून पाया मागाहून घालण्याचा हा प्रकार अंगाशीं आला.

खेळ वेळेवर तयार कां होत नाहींत, हें समजून घेतल्यास कंपन्यांवरील राग थोडा कमी होईल. नाटक लिहिणाऱ्यास रंगभूमि कशी आहे हें ठाऊक असतें. नव्या कन्सोलसाठीं खेळ रचणाऱ्यास मात्र कित्येकदां रंगभूमि बांधली जात असतांनाच नाटक लिहावें लागतें. यंत्राचें अंतिम रूप उशिरां ठरतें, प्रयोगासाठीं दिलेलीं यंत्रें पुढें बदलतात, आणि आजचा मोठा खेळ म्हणजे शेंकडों माणसांचें तीन-चार किंवा अधिक वर्षांचें काम. शिवाय व्यापाराची अडचण आहेच. पहिल्या दिवशीं त्या यंत्राचा मालक कोणीच नसतो. मग त्याच्यासाठीं कोट्यवधि रुपये खर्चून खेळ कोणी बनवावा? उलट, खेळ नाहींत म्हणून यंत्र कोणी घ्यावें? ‘कोंबडी आधीं कीं अंडें आधीं’ हा जुना वाद येथें खराखुरा व्यापारी प्रश्न होऊन बसतो. त्यांतून मार्ग म्हणून एकच खेळ जुन्या आणि नव्या अशा दोन्ही यंत्रांवर काढण्याची चाल पडली आहे. २०२० सालीं प्लेस्टेशन ५ बरोबर आलेला ‘स्पायडरमॅन : माइल्स मोरालेस’ हा त्याच दिवशीं प्लेस्टेशन ४ वरहि मिळत होता. ज्याच्या घरीं जुनें यंत्र होतें, त्यानें नवें घ्यावें कशाला, असा प्रश्न साहजिकच निर्माण झाला.

त्याच हंगामांत मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्सबॉक्स सीरीज एक्स’ची गोष्ट याहून बोलकी आहे. त्याच्याबरोबर ‘हेलो इन्फिनिट’ हा मुख्य खेळ येणार, असें सांगितलें होतें. परंतु ऑगस्ट २०२० मध्यें तो खेळ लांबणीवर पडला. यंत्र १० नोव्हेंबरला आलें आणि खेळ आला तो डिसेंबर २०२१ मध्यें, म्हणजे एक वर्षाहून अधिक काळानें. अर्धा कच्चा भात वाढण्यापेक्षां पंगत उशिरां बसविलेली बरी, हें खरें. परंतु येथें पाहुण्यांकडून जेवणाचें मोल आधींच घेतलें होतें आणि पाट मांडून त्यांना बसविलें होतें, हेंहि तितकेंच खरें. खेळ थांबविण्याचा निर्णय योग्य असेल. त्याबरोबर यंत्रहि थांबवावें, असें मात्र कोणास वाटलें नाहीं.

यावर कोणी शहाणा गृहस्थ म्हणेल, कीं मग उपाय सोपा आहे. वर्षभर थांबावें, किंमत उतरते, खेळ येतात, मग घ्यावें. एका घरापुरता हा सल्ला निर्दोष आहे. परंतु सर्वच घरांनीं तो मानला तर? पहिलें गिऱ्हाईक नसेल तर दुसरा खेळच निघणार नाहीं. जो मनुष्य पहिल्या महिन्यांत पूर्ण किंमत देऊन यंत्र नेतो, तो वस्तुतः मागाहून येणाऱ्या सर्वांसाठीं धोका पत्करीत असतो. त्याच्याच संख्येकडे पाहून पुढचे खेळ बनतात. म्हणून त्याचें कांहीं ऋण कंपनीवर आहे कीं नाहीं, हा या विषयांतील खरा नीतीचा प्रश्न आहे.

या ऋणाची कबुली एकदां उघडपणें दिली गेली. निंटेंडोचें ‘३डीएस’ हें हातांत धरून खेळण्याचें यंत्र २०११ सालच्या मार्चमध्यें अमेरिकेंत २४९.९९ डॉलर किमतीस आलें. चष्म्यावांचून खोली दाखविणारा पडदा ही त्याची नवलाई. परंतु मन गुंतून राहील असा खेळ पहिल्या दिवसांत नव्हता. नव्याचे नऊ दिवस संपले आणि विक्री ओसरली. पांच महिन्यांच्या आंत, ऑगस्टमध्यें, किंमत १६९.९९ डॉलरवर आणावी लागली. ज्यांनीं आधींच पूर्ण किंमत मोजली होती, त्यांना कंपनीनें वीस जुने खेळ विनामूल्य दिले, आणि अध्यक्ष सातोरू इवाता यांनीं स्वतःचा पगार निम्म्यानें कमी करून घेतला. त्याच वर्षाच्या अखेरीस मारिओचे दोन नवे खेळ आले आणि यंत्राचें नशीब पालटलें. पुढें तें साडेसात कोटींहून अधिक खपलें. यंत्र तेंच होतें. उणीव खेळांची होती, आणि ती भरून निघतांच दोष दिसेनासे झाले.

याच कंपनीच्या पुढील दोन कन्सोलांची तुलना केल्यास आणखी एक गोष्ट ध्यानांत येते. ‘वी यू’ हा २०१२ सालच्या नोव्हेंबरांत वीसहून अधिक खेळ घेऊन अमेरिकेंत आला. परंतु पुढचे कित्येक महिने खेळांचा दुष्काळ पडला, आणि एकंदर खप एक कोटी पस्तीस लाखांच्या आसपास थांबला. ‘स्विच’ हा ३ मार्च २०१७ रोजीं थोड्याच खेळांनिशीं आला. पण त्यांत ‘झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ होता. एप्रिलमध्यें ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’, जुलैमध्यें ‘स्प्लाटून २’, ऑक्टोबरमध्यें ‘सुपर मारिओ ओडिसी’, अशी पुढची रांग लागून राहिली. एक पाऊस मोठा पडला म्हणून पीक हातीं येत नाहीं. तो वेळच्या वेळीं पुन्हां पडावा लागतो. शेतकऱ्यास जें ठाऊक आहे, तें कंपनीस शिकावयास पांच वर्षें लागलीं. गंमत अशी, कीं झेल्डाचा तो खेळ मुळांत वी यूसाठींच योजिलेला होता, आणि मारिओ कार्टहि आधीं त्याच यंत्रावर आलेला होता. एकाच्या शेतांत पेरलेलें दुसऱ्याच्या खळ्यावर आलें!

आपल्याकडील घरांस संख्येचा मोह नवा नाहीं. १९९० नंतरच्या दशकांत शहरोशहरीं जपानी फॅमिकॉमच्या नकला स्वस्तांत मिळत. त्यांच्या कॅसेटीवर ‘९९९९ खेळ’ असें ठळक छापलेलें असे. घरीं नेऊन पाहिल्यावर तेच ते मोजके खेळ निरनिराळ्या क्रमांकांखालीं पुन्हां पुन्हां निघत. त्या कॅसेटीनें एका पिढीस आकड्यांवर विश्वास ठेवूं नये हें शिकविलें. आतां रक्कम मोठी झाली आहे. प्लेस्टेशन ५ हा २ फेब्रुवारी २०२१ रोजीं भारतांत आला, तेव्हां त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. आणि कांहीं मोठ्या नव्या खेळांस जवळजवळ पांच हजार रुपये पडत. म्हणजे यंत्र घेऊन खर्च संपत नाहीं, तेथें तो सुरू होतो.

म्हणून मुलानें हट्ट धरिला असतां वडिलांनीं रागावूं नये आणि विरघळूंहि नये. तीन प्रश्न विचारावे. आज, या दिवशीं, दुकानांत मिळणारा असा एक तरी खेळ आहे काय, कीं जो दोन-तीन महिने मनापासून खेळावासा वाटेल? घरांत आधीं घेतलेले खेळ या नव्या यंत्रावर चालतात काय? आणि येत्या वर्षांत येणाऱ्या खेळांपैकीं किती खेळांची तारीख ठरली आहे, आणि किती नुसते ‘लवकरच’ या शब्दावर तरंगत आहेत? बाजारांत तुरी असतांना घरांत भांडण कशाला? ५ जून २०२५ रोजीं आलेला ‘स्विच २’ या कसोटीस लाविला, तर त्याबरोबर ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ हा नवा खेळ होता, जुन्या स्विचचे बहुतेक खेळ त्यावर चालत होते, आणि ‘डाँकी काँग बनान्झा’ची १७ जुलै ही तारीख आधींच ठरलेली होती. पहिल्या चार दिवसांत त्याचीं पस्तीस लाखांहून अधिक यंत्रें खपलीं, यांत म्हणूनच फारसें नवल नाहीं.

एवंच, नव्या कन्सोलबरोबर खेळ बहुधा थोडेच येतात. धंद्याची रचनाच तशी आहे. त्याबद्दल तक्रार करण्यांत अर्थ नाहीं. एक खरोखर चांगला खेळ हातीं असेल आणि पुढचा वाटेवर असेल, तर तेवढें पुरेसें आहे. परंतु तो एकहि नसतांना पूर्ण मोल मागणें हा गिऱ्हाइकावर अन्याय आहे, आणि तें मोल मुकाट्यानें देणें हा स्वतःच्या कष्टाच्या पैशावर अन्याय आहे. तबकडी मिळेपर्यंत ग्रामोफोन दुकानांत राहिला, तर त्यांत कोणाचेंच नुकसान नाहीं.