विषाआधी की विषानंतर?



यकृतरक्षक वनस्पतींवर आपल्याकडे इतके प्रबंध झालेत, की ज्याचा अर्क उंदराला पाजला गेला नाही असं झाड सह्याद्रीत शोधावं लागेल. प्रयोगाचा साचा तुम्हां सर्वांना पाठ आहे. विस्टार उंदरांना काही दिवस अर्क पाजायचा, मग ऑलिव्ह तेलात मिसळून कार्बन टेट्राक्लोराइड टोचायचं. दुसऱ्या दिवशी रक्त काढायचं. एसजीपीटी हे यकृताची इजा दाखवणारं विकर कमी दिसलं, यकृताच्या कापात पेशी शाबूत दिसल्या, की अर्क यकृतरक्षक ठरला!

पण कार्बन टेट्राक्लोराइड स्वतः फारसं काही बिघडवत नाही. यकृतातलंच एक विकर त्याचं मुक्त मूलकात रूपांतर करतं आणि ते मूलक पेशींची आवरणं जाळतं. म्हणजे ते विकर नुसतं थोपवणारा कुठलाही अर्क या परीक्षेत पास होणार. शिवाय माणूस आठवडाभर काढा पिऊन मग आजारी पडत नाही. तो येतो डोळे पिवळे झाल्यावर. आपल्या बहुसंख्य प्रबंधांत या माणसाला जागाच नाही.

गावोगावी आजही काविळीची माळ घालतात. डोक्यावर ठेवलेली माळ गाठी सैल होत होत गळ्यात येते, मग छातीवर, मग पोटावर. माळ उतरली की कावीळ उतरली. आपण हसतो. पण ‘अ’ विषाणूची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपणच बरी होते. त्याचं श्रेय माळेला मिळतं, नाकात रस पिळणाऱ्याला मिळतं आणि तुलनेचा गट न ठेवता काढा देणाऱ्या आपल्यालाही मिळतं. मग हसायचं कुणी कुणाला?

तुलनेचा गट ठेवून रुग्णांवर औषध तपासण्याचं काम मुंबईत मात्र शिस्तीत झालेलं आहे. १९८० साली आरोग्यवर्धिनी या आयुर्वेदिक औषधाची तीव्र विषाणुजन्य काविळीत दुहेरी अंध चाचणी प्रसिद्ध झाली. आरोग्यवर्धिनीत निम्मी कुटकी असते, हे इथे सांगायला नको. त्यात पाराही असतो, हे मात्र सांगायला हवं. पुढे १९९६ साली डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी नुसत्या कुटकीचं चूर्ण तपासलं. ३७५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, दोन आठवडे. पंधरा रुग्णांना कुटकी, अठरा जणांना तसंच दिसणारं निष्क्रिय औषध. बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं काविळीचं पिवळं द्रव्य, सरासरी २.५ वर यायला कुटकीच्या गटात २७.४ दिवस लागले, दुसऱ्या गटात ७५.९. रुग्ण थोडे होते, कबूल. म्हणूनच त्याच वाटेने मोठी चाचणी व्हायला हवी होती. आपण बहुतेक जण मात्र परत उंदरांकडे वळलो.

चाचणी मोठी झाली किंवा पुन्हा झाली, की निकाल फिरूही शकतो. १९८८ साली मद्रासहून भुईआवळीचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. भुईआवळी दिलेल्या ‘ब’ विषाणूच्या ३७ वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातून त्याचा प्रतिजन नाहीसा झाला होता. तुलनेच्या गटात २३ पैकी एकाच्या. त्या निबंधाच्या लेखकांत खुद्द प्रतिजनाचा शोध लावणारे ब्लुमबर्ग होते. नंतर इतरांना तसं यश मिळालं नाही. सिलिमरिनचंच घ्या. आपल्या जवळपास प्रत्येक प्रयोगात ते प्रमाण औषध म्हणून असतं. २०१२ साली अमेरिकेत ‘क’ विषाणूच्या १५४ रुग्णांवर ते तपासलं, तेव्हा एसजीपीटीच्या बाबतीत निष्क्रिय गोळीहून सरस ठरलं नाही. ज्या मापाने मोजतो, ते मापच तपासून घ्यायची वेळ आली आहे.

मापाबरोबर वनस्पतीची ओळखही तपासायला हवी. गुळवेलच घ्या. २०२० च्या कोविड साथीत मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाने म्हटलं, रुग्णांनी घेतलेली वेल दुसऱ्या जातीची असू शकते. वाद बराच तापला. पण रुग्णांनी खाल्लेल्या वेलीचा ओळख पटवलेला नमुना हाताशी असल्याशिवाय असा वाद मिटायचा कसा? बाजारातल्या भुईआवळीतही तिच्या बहिणी मिसळलेल्या असतात, हे आपण जाणतोच.

या परिषदेच्या आयोजकांना माझी एक विनंती आहे. पुढच्या वर्षी निबंध मागवाल तेव्हा अर्जात तीन रकाने वाढवा: अर्क विषाआधी दिला की नंतर, वनस्पतीचा नमुना कोणत्या वनस्पतिसंग्रहालयात ठेवला आहे, आणि प्रयोग फसला असल्यास तसं स्पष्ट लिहिलं आहे का. फसलेल्या प्रयोगांसाठी सकाळचं, सगळे जागे असतानाचं सत्र ठेवा. त्या सत्राचं अध्यक्षपद घ्यायला मी आनंदाने येईन.