देवबंदचा मदरसा आणि राजकारण

मदरशांचे राजकारण एकाच साच्याचे असते, या समजाला देवबंदचा इतिहास पुष्टी देत नाही. १८५७ च्या उठावानंतर नऊ वर्षांनी, १८६६ मध्ये, सहारनपूर जिल्ह्यातील या गावी दारुल उलूमची स्थापना झाली. संस्थापकांपैकी मौलाना कासिम नानौतवी यांनी सरकारचा व धनिकांचा आश्रय धोक्याचा मानला. संस्थेचा भार सामान्यांच्या वर्गणीवर ठेवला. तिच्या राजकीय निर्भयतेचे मूळ बहुधा या वर्गणीतच असावे. येथील पहिले विद्यार्थी महमूद हसन पुढे प्रमुख अध्यापक झाले. ब्रिटिशांनी त्यांना माल्टा बेटावर स्थानबद्ध केले. १९२० मध्ये त्यांची सुटका झाली. त्यांचे शिष्य हुसेन अहमद मदनी यांनी फाळणीला अखेरपर्यंत विरोध केला. देवबंदचेच शब्बीर अहमद उस्मानी मात्र मुस्लिम लीगच्या बाजूस गेले आणि पाकिस्तानच्या संविधानसभेत बसले.