सत्तावनचा निकाल आणि आपला नाका
(कनेरगाव नाका येथील जाहीर सभेतील भाषण)



आम्ही गिरणी कामगार. आमची शाळा चौथीपर्यंतची. पंडिती भाषण आम्हाला जमणार नाही. पण पगाराची चिठ्ठी आम्हाला वाचता येते, आणि निवडणुकीचा निकालही तसाच वाचावा लागतो. खालची बेरीज पाहून भागत नाही. कुठून किती आलं नि कुठं किती कापलं, ते पाहावं लागतं.

१९५७ ची मुंबई राज्याची निवडणूक घ्या. विधानसभेच्या जागा ३९६, त्यांतल्या काँग्रेसला २३४. सरकार काँग्रेसचं, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण, आणि संयुक्त महाराष्ट्र समिती विरोधी बाकांवर. बेरजेत समिती हरली. मग १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं ते कसं? जिंकलेल्यानं हरलेल्याची मागणी का मान्य केली?

त्याचं उत्तर त्या २३४ च्या पोटात आहे. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचे गड ढासळले. खुद्द यशवंतराव कराडातून थोडक्यात वाचले. साताऱ्यानं क्रांतिसिंह नाना पाटलांना आणि पुण्यानं ना. ग. गोऱ्यांना लोकसभेवर धाडलं. गिरणगावानं कॉम्रेड डांग्यांना दिल्लीला पाठवलं, दादरनं आचार्य अत्र्यांना विधानसभेत. नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ च्या गोळीबारांत ज्यांची माणसं गेली, त्या चाळींनी मतपेटीतून जाब विचारला. तिकडं अहमदाबादेत इंदुलाल याज्ञिक निवडून आले. म्हंजे द्विभाषिकाचं जोखड गुजराती माणसालाही नको होतं.

मग सरकार टिकलं कशावर? गुजरातच्या उरलेल्या जागांवर, विदर्भावर आणि मराठवाड्यावर. होय, आपल्यावरच! या नाक्याच्या अल्याडच्या नि पल्याडच्या मतांवर. "तुम्ही लढ्यात मागं राहिलात," असं मुंबईची मंडळी आपल्याला ऐकवतात. आम्ही स्वतः गिरणीतले, तरी आम्हाला ते पटत नाही.

या गावाच्या नावातच नाका आहे. हिंगोलीकडची बाजू निजामाच्या हैदराबादेत, वाशीमकडची वऱ्हाडात. निजामाच्या राज्यात वेशीवर करोडगिरी भरल्याशिवाय माल हलत नव्हता. दोन्हीकडं जात्यावरची ओवी मराठी, पण इकडं कचेरी नि शाळा उर्दूत. लेक दोन कोसांवर दिली, तर ती परमुलखात गेली! १९४८ ला निजामशाही गेली, तरी वेस राहिलीच. आपण हैदराबाद राज्यात, वाशीम मध्य प्रदेशात. ती वेस मोडली १ नोव्हेंबर १९५६ ला, आणि मोडली ती त्याच द्विभाषिक राज्यानं, ज्याच्या नावानं पुण्या-मुंबईचा माणूस बोटं मोडत होता. त्याचं बरोबर होतं. मराठी राज्याचा त्याचा हक्क डावलला होता नि रक्त सांडलं होतं. पण शंभरेक वर्षांनी वेस मोडली म्हणून इथल्या शेतकऱ्यानं सरकारला मत दिलं, त्यालाही मागं राहणं म्हणता येत नाही. विदर्भाची गोष्ट आणखी निराळी. तिथं वेगळ्या राज्याची मागणी होती, नागपूरची राजधानी गेल्याचा राग होता. तो राग अजून पुरता निवलेला नाही.

सरकार टिकलं, पण जीव कुठं होता? मुंबईची महापालिका समितीच्या हातात गेली. ३० नोव्हेंबर १९५७ ला पंडित नेहरू प्रतापगडावर आले, तेव्हा वाटेवर समितीची निदर्शनं उभी होती. घरचा निम्मा माणूस रुसलेला असताना कारभार चालत नाही, हे यशवंतरावांनी ओळखलं. पुढं १९६२ ला महाराष्ट्राच्या २६४ जागांपैकी २१५ काँग्रेसनं घेतल्या. राज्य मिळालं, समिती फुटली, नि श्रेयाचं माप भलत्याच पदरात पडलं. ते असो.

बेळगाव-निपाणीच्या बांधवांनीही १९५७ ला मराठी माणसंच निवडून दिली होती. पण परक्या विधानसभेत ती मूठभर. त्यांच्यावाचून कुणाचं सरकार अडत नव्हतं. १९६७ ला महाजन आयोगाचा अहवाल आला, तो महाराष्ट्रानं नाकारला. २००४ ला महाराष्ट्र सरकार सुप्रीम कोर्टात गेलं.

ज्या तारखेला आपला नाका मोडला, त्याच १ नोव्हेंबरला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. तिथले मराठी लोक त्या दिवशी काळा दिवस पाळतात. येत्या १ नोव्हेंबरला या नाक्यावर दंडाला काळी फीत बांधून उभं राहायचं, हे सांगायला आम्ही आलो आहोत. फिती आम्ही घेऊन येऊ. तुम्ही या.